मेंढरं अजून वाटेत

त्या दिवशी वाफेचा कॉक मी बंद केला होता. मायाप्पा अण्णांनी नाही. एवढं एक वाक्य बोलायला मला अकरा वर्षं लागली. मनातल्या मनात ते इतक्या वेळा बोलून झालं होतं की पाठ झालं होतं, आणि पाठ झालेलं वाक्य हळूहळू आपलं वाटेनासं होतं. म्हणून आधी अण्णा कसे होते ते सांगतो. त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

इस्लामपूरच्या बाहेर, उसाच्या फडांना लागून एक छोटा आइस्क्रीमचा कारखाना आहे. डेअरीचा डिप्लोमा घेऊन मी तिथं सुपरवायझर म्हणून लागलो. पहिल्या दिवशी सकाळी सहाला पोचलो तेव्हा थंडीचे दिवस होते. फडांवर धुकं होतं आणि कारखान्याच्या दारातून वाफ बाहेर येऊन त्या धुक्यात मिसळत होती. दार कुठं आहे तेच दिसेना. आतून मात्र कुणीतरी गात होतं. धनगरी ओवीसारखी लांबट, एका सुरावर रेंगाळणारी चाल. मी त्या आवाजाच्या दिशेनं चालत आत गेलो. दुधाच्या मोठ्या टाकीपाशी, वाफेत अर्धा बुडालेला एक उंच, वाळका माणूस पळीनं आइस्क्रीमचं मिक्स, म्हणजे दूध-साखरेचं मिश्रण, ढवळत उभा होता. डोक्याला पिवळा पटका, अंगात कारखान्याचा पांढरा कोट.

"तापमान किती झालं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओळ पुरी केली आणि मग म्हणाले, "थांबा वाईच. मेंढरं आजून वाटंत हायती."

मला वाटलं, माणूस वेडा आहे. मी काटा बघितला. ऐंशी दाखवत होता. ते पुन्हा गायला लागले. थोड्या वेळानं थांबले, पळी वर उचलून तिच्या पाठीवरून मिक्स ओघळताना पाहिलं आणि म्हणाले, "पोचली किष्णंला. करा वाफ बंद." काटा पंच्याऐंशीवर होता.

पुढं कळलं की ती ओवी त्यांची स्वतःचीच होती. जत तालुक्यातल्या त्यांच्या गावातून कळप निघतो, ओढा ओलांडतो, माळ लागतो, एक कोकरू मागं राहतं, त्याला आणायला कुणीतरी परत फिरतं, आणि शेवटी सगळी मेंढरं कृष्णेच्या पाण्याला तोंड लावतात. टाकीत डिंकाची पूड पडली की कळप गावातून निघायचा, आणि मेंढरं पाण्याला लागली की डिंक पुरता भिजून उघडलेला असायचा. मी चोरून घड्याळ लावून पाहिलं. वाफ नीट असली की दर वेळी बावीस मिनिटं, एखादं इकडंतिकडं. कोकरू फार मागं राहायचं ते वाफ कमी असली की. तेव्हा अण्णा त्या कोकराला शोधण्यात जास्त वेळ घालवायचे.

आइस्क्रीममध्ये डिंक असतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कपाच्या तळाशी बारीक अक्षरांत ४१०, ४१२ असे डिंकांचे आकडे छापलेले असतात, ते कोण वाचतो? आमच्याकडे दोन प्रकारची पूड असायची. एक गवारीच्या बियांची, गवार गम. दुसरी लोकस्ट बीन गम, म्हणजे परदेशातल्या कॅरोब नावाच्या झाडाच्या शेंगांमधल्या बियांची. शंभर किलो मिक्सला दोन्ही मिळून दोन-तीन मुठी. पण त्या पडल्या नाहीत तर दुधातलं पाणी सुटं होतं, त्याचे खडे बनतात, आणि जिभेवर साय लागण्याऐवजी बर्फ लागतो. सॉसमध्ये, जॅममध्ये, पाकिटातल्या ताकात, कुठं ना कुठं हेच डिंक असतात.

हे मी पुस्तकात शिकलो होतो. अण्णांना ते माणसांची ओळख असावी तसं माहीत होतं.

"गवार म्हंजी घरची पोरगी," ते सांगायचे. "गार पाण्यात बी फुगती. कुणी हाक मारायची खोटी, ही हजर. दुसरा मातूर पाव्हणा हाय, परदेशी. गार पाण्यात टाका, नुसता गप बसून ऱ्हातोय. त्याला कडक पाणी द्या आंगुळीला. मग बगा कसा बोलाय लागतोय."

पूड ते कधी तशीच ओतत नसत. आधी कोरड्या साखरेत कालवत आणि मग उंचावरून, चुलीवरच्या पिठल्यात पीठ भुरभुरावं तशी, बोटांतून सोडत. एकदा घाईत मी वाटीभर पूड एकदम टाकली. वर गाठी तरंगायला लागल्या. अण्णांनी एक गाठ पळीनं काढली, बोटांनी फोडली आणि माझ्यापुढं धरली. बाहेरून ती चिकट, बुळबुळीत होती, आत पूड तशीच कोरडी.

"लय तहानल्यालं आसतंय हे," ते म्हणाले. "एकदम पाजलं की वरच्यावर पितंय आन् आतल्याला दार लावतंय. आता ही जलमभर भिजणार न्हाई. फेका."

त्यांचा जन्म मेंढरांमागं गेला होता. बायको लगमाक्का, दोन मुलगे, थोडी कोरडवाहू जमीन. पाऊस लागोपाठ दगा द्यायला लागला तेव्हा कळप मुलांच्या हाती देऊन ते इकडं कामाला आले. पहिल्यांदा हमाली, मग टाकी धुणं, मग टाकीच. त्यांना आकडे वाचता येत होते, अक्षरं नाही. पण लोकस्ट बीनचं पोतं उघडलं की ते चिमूटभर पूड जिभेवर ठेवत आणि डोळे मिटून उभे राहत.

"ह्येला उनाचा वास हाय," एकदा ते म्हणाले. "सायेब, हे झाड पाण्याच्या मुलकातलं न्हाई. आमच्या जतसारकीच कोरडी भुई आसणार. लाल माती, खडकाळ डोंगुर. शेंगा काळ्या, वाळल्या की खुळखुळ वाजत आसतील. आन् खाली शेरडं उभी, वर माना करून."

मी मोबाइलवर झाडाचा फोटो शोधला. समुद्राकाठचा कोरडा डोंगर, खडकांत वाढलेलं एक गच्च हिरवं झाड, काळ्या-तपकिरी शेंगा. आणि खरोखरच खाली दोन शेळ्या. मी फोटो त्यांच्यापुढं धरला. त्यांनी बराच वेळ पाहिला. आश्चर्य वगैरे काही नाही. गावाकडचा कुणी ओळखीचा भेटावा तसं नुसतं हसले.

"तितला धनगर बी उभा आसंल कुटंतरी," ते म्हणाले. "फोटूत आला न्हाई यवढंच."

त्या दिवसानंतर कधीकधी ओवीतला कळप कृष्णेला न थांबता पुढं जायचा. समुद्र ओलांडायचा, त्या डोंगरावर चढायचा. अर्थात हे वाफ बंद झाल्यावर, टाकी धुताना. काम चालू असताना त्यांनी मेंढरांना कधी इकडंतिकडं जाऊ दिलं नाही.

माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. बायको, सुनीता, बाळंतपणाला रहिमतपूरला माहेरी गेली होती. दिवस भरत आले तसे अण्णा रविवारची सुट्टी घेऊन गावाकडं जायला लागले. असे चार रविवार गेले. मुलगी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी फडक्यात बांधलेला डिंक माझ्या टेबलावर ठेवला. बाभळीचा. मधाच्या रंगाचे लहानमोठे खडे, उजेडात धरले तर आत जणू सकाळ अडकलेली.

"वैनींस्नी लाडू करा ह्येचं," ते म्हणाले. "बाजारातला घालू नगा."

"चार रविवार ह्याच्यासाठी घालवले?"

"मग काय करायचं? बाळंतिणीला कुऱ्हाडीच्या घावाचा डिंक चालत न्हाई आमच्यात. झाडानं आपल्या मनानं दिल्याला पायजे. आसा डिंक एका झाडाला बोटभर गावतोय. लय झाडं हिंडावी लागली."

सासूबाईंनी तो तुपात तळला. टपोरा फुलला, पांढरा, हलका. लाडू खाताना सुनीता फोनवर म्हणाली, "तुमच्या अण्णांना सांगा, आई म्हणतीय असा डिंक तिनं तिच्या बाळंतपणात खाल्ला होता, त्यानंतर आज." मी अण्णांना सांगितलं. ते लाजले आणि टाकी पुसायला लागले. टाकी पुसलेलीच होती.

बाराव्या दिवशी बारसं होतं. दुपारी रहिमतपूरला पोचायचं होतं. मामेसासरे, चुलत सासरे, सगळे जमले होते, फोनवर फोन येत होते. त्याच दिवशी तासगावच्या एका लग्नाचा माल करायचा होता आणि बॅच माझ्या सहीशिवाय पुढं जात नसे. सकाळपासून बॉयलर रखडत होता, वाफ मंद होती. काटा चढता चढेना. अण्णांचं कोकरू मागं राहिलं होतं आणि ते त्याला शोधत होते, सावकाश, काही घाई नसल्यासारखे.

"अण्णा, अजून किती?"

"मेंढरं आजून वाटंत हायती, सायेब."

मी त्यांना कोल्ड रूममध्ये ट्रेसाठी जागा करायला पाठवलं. म्हटलं, टाकी मी बघतो. त्यांनी पळी माझ्या हातात दिली. "पंच्याऐंशी झाल्याबिगर सोडू नगा. पाव्हण्यानं डोळं उघडल्यालं न्हाईत आजून."

ते गेले. काटा बहात्तरवर होता. मी वाफ बंद केली. वहीत पंच्याऐंशी लिहिलं आणि सही केली.

ते परत आले, पळी बुडवून वर धरली. "सायेब, पातळ लागतंय."

"काट्यानं पंच्याऐंशी दाखवले. मी स्वतः बघितले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पळीकडे. "मग आसंल," ते म्हणाले.

मी बारशाला गेलो. मुलीच्या कानात नाव सांगितलं, पेढे खाल्ले, आणि टाकीचा विचार एकदाही मनात आला नाही.

तासगावहून सगळा माल परत आला. कपात खाली पाणी, वर खडे. लग्नात वऱ्हाडी हसले होते, नवरीच्या बापाला खाली मान घालावी लागली होती. मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. वही उघडी होती.

"पंच्याऐंशी लिवलंय तुमी," मालक मला म्हणाले. "मग बर्फ कसा झाला? डिंक चांगला, दूध चांगलं. घोटाळा कुणी केला?"

नोकरीला दीड वर्ष झालं होतं. मुलगी पंधरा दिवसांचीही नव्हती. ही कारणं आहेत, सबब नाही. मी म्हणालो, "डिंक टाकताना गाठी झाल्या असणार. अण्णा गाण्यात गुंगतात. कधीकधी डोळा लागतो त्यांचा."

हे शेवटचं वाक्य मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी आपणहून जोडलं.

मालक अण्णांकडे वळले. अण्णा माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. एखादी गोष्ट आठवायचा प्रयत्न करावा तसे. ते थांबले होते, मी पुढं काही बोलेन म्हणून. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो.

"सायेब म्हणत्यात म्हंजी लागला आसंल डोळा," ते शेवटी म्हणाले.

त्यांना टाकीवरून काढून ट्रे धुण्यावर घातलं. आठ दिवस त्यांनी ट्रे धुतले. कारखान्यात फक्त मशीनचा आवाज राहिला. नवव्या दिवशी ते बोचकं घेऊन माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं, आता बोलतील. मी तयारही झालो होतो, सगळं नाकारायला.

"लाडू सपलं का वैनींचं?" त्यांनी विचारलं.

"संपत आले."

"बरं झालं. जातो मग." एवढं बोलून ते गेले.

नवीन माणसाला मी घड्याळ लावून बावीस मिनिटं शिकवली. माल चांगला होत राहिला. मी पुढं कारखान्याचा मॅनेजर झालो. सुनीतानं एकदा विचारलं, "अण्णा हल्ली दिसत नाहीत?" मी म्हणालो, त्यांना गावाकडंच करमतं, म्हणून गेले. खोट्याला एकदा जागा दिली की ते घरभर हिंडतं.

मध्ये एकदा मिरजेच्या पुढं रस्त्यावर कळप आडवा आला. गाडी थांबवली. शेकडो मेंढरं, धूळ, संध्याकाळचं ऊन. धुळीमुळं सगळं पाण्याखाली असल्यासारखं संथ दिसत होतं. कळपाच्या शेवटी एक उंच, वाळका माणूस चालला होता, पिवळा पटका. पुढं दोन तरणे मेंढपाळ होते, ते हाकत होते. हा नुसता मागून येत होता, ना हाक, ना ओवी. ते अण्णाच होते की नाही, आजही सांगता येणार नाही. मी गाडीची काच वर केली, एवढं मात्र नक्की.

या थंडीत सुनीताच्या भाचीचं बाळंतपण झालं. सुनीता डिंक तळत होती. बाजारातला डिंक, काही फुलत होता, काही कढईत तसाच कडक राहत होता. ती म्हणाली, "अण्णांनी आणला होता तसा मिळत नाही बघा. कुठं असतात हो ते?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. तिथंच सांगितलं. सगळं, बहात्तरपासून. तिनं गॅस बंद केला. 

"मी ते लाडू खात होते तेव्हा?" तिनं विचारलं.

"हो."

"मग इथं काय सांगताय मला? जा की."

रविवारी मी जतला गेलो, तिथून विचारत विचारत त्यांच्या गावाला. पाण्याचा टँकर नुकताच येऊन गेला होता. रस्त्यावर घागरींच्या ओल्या गोल खुणा होत्या आणि त्या बघता बघता वाळत होत्या. अण्णांचं घर शेवटचं. अंगणात बाजेवर बसले होते, लोकरीचा धागा ओढत. पटका तसाच, मिशा पांढऱ्या. त्यांनी मला लांबूनच ओळखलं.

"आवं, सायेब! बसा, बसा. पोर केवढी झाली?"

"अकरा वर्षांची."

"शाळंत हुशार हाय का बापासारकी?"

मी बसलो नाही. अंगणातल्या चुलीवर दूध ठेवलेलं होतं. अण्णा बाजेवरून उठून त्याच्याकडं बघायला निघाले तशी आतून सून घाईनं आली. "मामा, तुमी ऱ्हाऊ द्या. मी बगते." मला पाहून तिनं पदर सारखा केला आणि हसून म्हणाली, "ह्यांच्या भरवशावर दूध ठेवत न्हाई आमी. बसल्या जागी डोळा लागतोय म्हाताऱ्याचा. कारखान्यातली नोकरी बी तशीच गेली न्हवं का."

अण्णाही हसले आणि परत बाजेवर बसून धागा ओढायला लागले. "व्हय, लागतोय," ते म्हणाले. "कळपावर बी एकटा जात न्हाई म्या. पोरं नको म्हणत्यात. बरुबर हाय त्येंचं."

 मी त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसलो. मला वाटत होतं मी त्यांची नोकरी घालवली. त्यापलीकडं काय गेलं होतं ते मला त्या अंगणात कळलं. या माणसानं अकरा वर्षं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नव्हता. मी एक वाक्य जोडलं होतं आणि त्यांनी ते खरं मानून त्यात आयुष्य बसवलं होतं.

मी सांगितलं. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही, उलटसुलट सांगितलं. त्यांच्या हातातला धागा थांबला.

"बहात्तर?" त्यांनी विचारलं.

"बहात्तर."

"मला पातळ लागलं व्हतं," ते हळू म्हणाले. मग स्वतःशीच, "म्या म्हणलं व्हतं. पळी बगून म्हणलं व्हतं."

"हो अण्णा. तुम्ही म्हणाला होता."

ते समोरच्या माळाकडे बघत राहिले. दुपारच्या उन्हात माळ हलल्यासारखा दिसत होता.  मग ते माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदाच मला एकेरीत बोलले.

"गड्या, मी तर जागा व्हतो मग."

"जागे होता."

"आरं, मग हे मला एकट्याला सांगून काय उपेग? घरात, गावात समद्यांस्नी म्हाताऱ्याचा डोळा लागल्याला म्हाईत हाय. ऊठ. लगमाक्काला सांग."

लगमाक्का परड्यात भाकरीला जळण काढत बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो, हात जोडले आणि म्हणालो, "आक्का, माझी चूक झाली." त्यांनी कानामागं हात नेला आणि गोंधळून अण्णांकडं पाहिलं.

"तिला कमी ऐकाय येतंय," अण्णा मागून म्हणाले. "जोरात सांग."

कुंपणापलीकडं कडबा रचणारे दोघंजण थांबले. सून दुधाचं पातेलं हातात घेऊन दारात आली. मी श्वास घेतला आणि माळावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो,

"आक्का, त्या दिवशी अण्णांचा डोळा लागला नव्हता! ते जागे होते. वाफ मी बंद केली, वहीत खोटं मी लिहिलं, आणि मालकापुढं त्यांचं नाव मी घेतलं. अण्णा बरोबर होते. मी खोटं बोललो. मला माफ करा."